चित्र काढणे आणि चित्र दाखवणे: किशोरवयीन चित्रकारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

महाराष्ट्रातील अनेक शाळांत माध्यमिक वर्गांत पोहोचताच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी सुरू होते आणि साधारण त्याच सुमारास मुलामुलींच्या हाती फोनही येतो. ज्याला किंवा जिला मनापासून चित्रे काढायची आहेत, तिच्यापुढे या वयात एकदम दोन कामे उभी राहतात: चित्र काढणे आणि काढलेले चित्र लोकांना दाखवणे. ही दोन्ही कामे शिकण्यासारखी आहेत, पण ती वेगवेगळी आहेत. दाखवण्याची घाई काढण्याच्या कामात शिरली की मुले आपल्याला जमते तेवढेच पुन:पुन्हा काढू लागतात, कारण जमलेल्या चित्राला शाबासकी मिळते आणि नव्याने धडपडत शिकताना काढलेल्या चित्राला मिळत नाही. म्हणून या लेखात आधी काढण्याविषयी, नंतर दाखवण्याविषयी आणि शेवटी पैसे व हक्क यांविषयी लिहिले आहे. वाचकानेही हाच क्रम ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

साहित्य

आरंभाला लागणारे साहित्य थोडे आहे. एचबी, २बी, ४बी आणि ६बी या पेन्सिली, एक साधा खोडरबर, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे एक काळे पेन, पिशवीत सहज मावेल अशी ए-५ आकाराची कोऱ्या कागदाची वही, १२ जलरंगांचा संच आणि २, ६ व १० क्रमांकांचे गोल ब्रश एवढ्यावर दोन वर्षे उत्तम काम करता येते. खर्च वाढवायचाच असेल तर तो कागदावर वाढवावा. पातळ कार्ट्रिज कागदावर, म्हणजे रेखाटनाच्या साध्या कागदावर, पाणी पडले की त्याचे तंतू फुगतात, कागद लाटांसारखा उठतो आणि रंग खळग्यांत साचतो. हा दोष कागदाचा असतो, पण मुलांना वाटते की आपल्याला जलरंग येत नाहीत. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद महाग वाटतो, परंतु २२ × ३० इंचांचा एक मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले तर ७.५ × ११ इंचांचे आठ कागद मिळतात आणि प्रत्येकाचा खर्च आटोक्यात राहतो.

रंगांच्या बाबतीत संचातील काळा रंग काही महिने बाजूला ठेवून पाहावा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग मिसळले की गडद, जिवंत करडा तयार होतो, आणि त्यात निळा थोडा जास्त किंवा तपकिरी थोडा जास्त घेऊन सावली थंड करायची की ऊबदार, हे ठरवता येते. फोनवर किंवा संगणकावर काम करणाऱ्यांसाठी इबिस पेंट आणि क्रिता ही विनामूल्य साधने पुरेशी आहेत. मात्र पहिल्या वर्षी कागदावरचा सराव सोडू नये, कारण प्रत्येक रेघ मागे घेता येत असली की रेघ ओढण्यापूर्वी पाहण्याची सवय लागत नाही.

रोजची वही

रोज २० मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी, वहीत रेखाटन करावे. शनिवारी-रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजच्या २० मिनिटांनी हात लवकर तयार होतो. शाळा, शिकवणी आणि घरची कामे सांभाळून तेवढा वेळ काढताही येतो. काय काढायचे हा प्रश्न रोज नव्याने पडू नये म्हणून विषयांची पाळी लावावी: एक दिवस घरातील एखादी वस्तू समोर ठेवून, एक दिवस हालचाल करणारी माणसे, एक दिवस दिवसभरात पाहिलेले काहीतरी केवळ आठवणीतून.

वस्तू काढताना नवी, सुबक वस्तू निवडण्याची गरज नाही. पोचे आलेला तांब्या, अर्धी सोललेली लसूण, दाराशी काढून ठेवलेल्या चपला यांत शिकण्यासारखे अधिक असते. आधी वस्तूची एकूण उंची आणि रुंदी यांचे प्रमाण पेन्सिल हातभर अंतरावर धरून मोजावे, मग बाहेरचा मोठा आकार, मग प्रकाश व सावली यांची सीमारेषा आणि सर्वांत शेवटी तपशील, असा क्रम ठेवावा. भांड्याच्या तोंडाची लंबवर्तुळे चुकतात ती बहुधा एकाच कारणाने: आपल्याला तोंड गोल आहे हे ठाऊक असते म्हणून आपण ते दिसते त्यापेक्षा अधिक उघडे काढतो. डोळ्यांच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली, तितके तिचे वर्तुळ अधिक उघडे दिसते. म्हणून तांब्याच्या तळाची वक्ररेषा त्याच्या तोंडाच्या वक्ररेषेपेक्षा जास्त गोलाकार असते.

हालचाल करणाऱ्या माणसांसाठी एसटी स्थानक, मंडई, आठवडी बाजार, देवळाचा सभामंडप किंवा मैदानातला क्रिकेटचा सामना यांपेक्षा चांगली शाळा नाही. अशा ठिकाणी माणूस उठून गेला की रेखाटन अर्धवट राहते आणि नवशिके तेथेच खचतात. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा की एका पानावर तीन-चार रेखाटने एकदम सुरू ठेवावीत. वाट पाहणारी माणसे थोड्या थोड्या वेळाने त्याच त्याच स्थितीत परत येतात: भाजीवाली पुन्हा तराजू उचलते, वाहक पुन्हा दाराला टेकून उभा राहतो. ज्याची स्थिती परत आली त्याचे रेखाटन पुढे न्यावे. प्रत्येक आकृतीत आधी डोक्यापासून कण्यातून ज्या पायावर भार आहे त्या पायापर्यंत जाणारी एकच रेघ पकडावी. ती बरोबर आली तर चेहरा नसलेली आकृतीही ओळखू येते.

त्या दिवशी घरी आल्यावर ते पान न पाहता तेच दृश्य दुसऱ्या पानावर आठवून काढावे आणि मग दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. शासकीय परीक्षेतील स्मरणचित्राची ही सर्वोत्तम तयारी आहे. अनेक विद्यार्थी स्मरणचित्रासाठी बाजाराचे, पाणवठ्याचे किंवा बागेचे एखादे तयार चित्र पाठ करून जातात आणि त्यांना श्रेणीही मिळते, परंतु त्या चित्रातील माणसे त्यांनी कधी पाहिलेली नसतात, हे परीक्षकाइतकेच विद्यार्थ्यालाही जाणवते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि त्यासाठी परीक्षा द्यायला काहीच हरकत नाही; फक्त त्या गुणांसाठी पाहणे सोडू नये.

अनोळखी माणसांचे रेखाटन करताना काही पथ्ये पाळावीत. समोरच्याच्या लक्षात आले तर वही लपवू नये, हसून पान दाखवावे आणि “काका, सराव करतोय, चालेल ना?” किंवा “मावशी, तुमचं चित्र काढतेय, चालेल का?” असे सरळ विचारावे. बहुतेक जण खूश होतात, काही जण नको म्हणतात. नको म्हटले की तत्काळ थांबावे. लष्कराचे तळ, नौदलाच्या गोद्या आणि प्रतिबंधित म्हणून फलक लावलेल्या जागांचे रेखाटन करू नये, कारण १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत अशा ठिकाणांची रेखाचित्रेही येतात. मुंबईसारख्या शहरात किनाऱ्यावर बसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दूरच्या ठिकाणी एकट्याने जाऊ नये. दोघे-तिघे मिळून गेल्यास सोबतही होते आणि एकच दृश्य प्रत्येकाने कसे वेगळे पाहिले हेही कळते.

घरच्यांविषयीही लिहिले पाहिजे, कारण या वयातील चित्रकाराचा बराचसा दिवस त्यांच्यातच जातो. पाहुणे आले की “आमच्या हिला छान चित्रं येतात, काकांचं काढून दाखव” ही फर्माईश ठरलेली असते. तेव्हा नकार देण्यापेक्षा दहा मिनिटे स्थिर बसण्याची अट घालावी आणि समोरून चेहरा काढण्याऐवजी बाजूने काढावा. कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी यांची एकच बाह्यरेषा पकडायची असल्याने साम्य साधणे सोपे जाते. अभ्यासाच्या वेळेवरून घरात वाद होत असतील तर चित्रकलेची वेळ आपणहून ठरवून आई-वडिलांना सांगावी आणि ती संपली की खरोखर वही मिटावी. शब्द पाळला जातो हे पालकांना एकदा दिसले की पुढे मोठ्या चित्रासाठी सुटीचा अख्खा दिवस मागणे अवघड जात नाही.

वहीतील प्रत्येक पानावर तारीख आणि ठिकाण लिहावे, पान फाडू नये आणि ही वही कोणत्याही समाजमाध्यमावर दाखवण्यासाठी नाही, असे मनाशी पक्के करावे. एखादे पान पुढेमागे दाखवावेसे वाटले तर दाखवावे, पण काढताना ते कुणी पाहणार आहे हा विचार मनात नसावा. फसलेल्या रेखाटनांना जागा देणारे असे एक तरी ठिकाण प्रत्येक शिकणाऱ्याला हवे.

एक चित्र तडीस नेणे

वहीतील सरावाच्या जोडीने महिन्यातून एक-दोन चित्रे पूर्ण करावीत. उदाहरणादाखल आठवडी बाजाराचे जलरंगातील चित्र घेऊ. पहिली पायरी म्हणजे आगपेटीएवढ्या आकाराचे तीन-चार छोटे आराखडे. त्यांत फक्त मोठे आकार कुठे येतील हे ठरवायचे असते. ताडपत्रीचे छत वरचा तिसरा भाग व्यापते की निम्मा, भाजीवाली मध्यभागी बसते की बाजूला, याचा निर्णय येथेच होतो आणि त्याला पाच मिनिटे पुरतात. हा निर्णय मोठ्या कागदावर घेतला तर त्याची किंमत अख्ख्या कागदाने मोजावी लागते.

दुसऱ्या पायरीत निवडलेला आराखडा थोडा मोठा करून त्यात पांढरा, मध्यम आणि गडद अशा तीनच छटा भराव्यात. बाजारात उन्हाचे कवडसे आणि ताडपत्रीखालची सावली यांच्यातील फरक हाच चित्राचा प्राण असतो. तीन छटांत तो दिसला नाही तर बारा रंगांतही दिसणार नाही. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरघळतात आणि छटा उरतात.

तिसऱ्या पायरीत कागद चारही कडांनी मास्किंग टेपने पाटीवर चिकटवावा, एचबी पेन्सिलीने हलके रेखाटन करावे आणि कागद जिथे पांढरा राखायचा आहे त्या जागा खुणेने ठरवून घ्याव्यात, कारण पारदर्शक जलरंगात पांढरा हा कागदाचाच असतो. मग फिकटाकडून गडदाकडे जावे. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, मोठ्या ब्रशने, भरपूर पाण्यात. तो पूर्ण वाळल्यावर मध्यम छटा. आणि गडद सावल्या सर्वांत शेवटी, मोजक्याच. वाळण्याची वाट न पाहणे हे नवशिक्यांची जलरंगातील चित्रे मळकट होण्याचे मुख्य कारण आहे. हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहावी. गार लागला तर आत ओल आहे. कोकणात किंवा गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये एक वॉश वाळायला उन्हाळ्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, तेव्हा पावसाळ्यात दोन चित्रे शेजारी ठेवून आळीपाळीने रंगवणे सोयीचे पडते.

थांबायचे कधी, हे शिकवणे सर्वांत कठीण. माझ्या मते चित्रापासून सहा-सात पावले मागे जाऊन पाहिल्यावर तीन छटांच्या आराखड्यातील योजना स्पष्ट दिसत असेल तर काम झाले असे समजावे. त्यानंतर जे भरले जाते ते बहुधा चित्रासाठी नसते, मेहनत दिसावी म्हणून असते.

इतरांच्या चित्रांवरून शिकणे

नक्कल करणे हे शिकण्याचे जुने आणि आदरणीय साधन आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे १८५७ साली सुरू झालेल्या संस्थेत, आरंभीच्या पिढ्या अभिजात मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून महिनोन्‌महिने रेखाटन करीत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान तेथे शिकून आपल्या गावी परतले आणि त्यांनी रंकाळा व कोटितीर्थ हा परिसर वारंवार रंगवला. आपल्या पंचक्रोशीत विषय नाहीत असे म्हणणाऱ्या मुलांनी त्यांची निसर्गचित्रे अवश्य पाहावीत. मूळ चित्र पाहण्याची संधी मिळेल तेथे घ्यावी, कारण फोनच्या पडद्यावर रंगाचा थर, ब्रशचा फटकारा आणि चित्राचा खरा आकार यांपैकी काहीच कळत नाही. सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची मूळ चित्रे आहेत, आणि मुंबईच्या जहांगीर कलादालनात आजच्या चित्रकारांची प्रदर्शने विनामूल्य पाहता येतात. दालनात उभे राहून, पुढे-मागे जाऊन, एकाच चित्राचे छोटे रेखाटन वहीत करावे. पन्नास चित्रांचे फोटो काढण्याहून त्याचा उपयोग जास्त होतो.

नक्कल केलेले चित्र दाखवायचे असेल तर ते कोणाच्या कोणत्या चित्रावरून केले हे नावासह लिहावे. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून व्यक्तिचित्र काढले असेल तर छायाचित्रकाराचे नाव द्यावे, आणि ते विकायचे किंवा स्पर्धेला पाठवायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. रेघ गिरवून घेतली असेल तर तसे लिहायला लाजू नये. गिरवल्याने चित्र खोटे होत नाही, पण न सांगितल्याने होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने चित्र किंवा त्याचा आराखडा तयार केला असेल तरी तोच नियम लावावा, आणि स्पर्धेच्या नियमांत त्याला मनाई असेल तर ते पाठवू नये.

वारली चित्रकलेविषयी थोडे वेगळे भान हवे. शाळेच्या भिंतीपासून भेटकार्डापर्यंत सर्वत्र ती दिसते, त्यामुळे ती कोणाचीच नाही असा समज होतो. ती पालघर-डहाणू भागातील वारली आदिवासींच्या लग्नविधींतून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात सवासिनींच्या हातून आलेली कला आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या शैलीत सराव करावा, पण दाखवताना तिचा उगम लिहावा आणि स्वतःला वारली चित्रकार म्हणवून घेऊ नये.

चित्र बाजूला ठेवणे आणि जपणे

चित्र पूर्ण झाले की ते लगेच दाखवू नये. ते उलटे करून किंवा कपाटात आठवडाभर ठेवावे आणि मग आरशात पाहावे. उलटी प्रतिमा डोळ्यांना अनोळखी असल्याने तिरका डोळा, कललेले भांडे, एका बाजूला झुकलेली रचना तत्काळ दिसते. आठवड्यानंतरही चित्र आवडले तर ते आपल्याला आवडले आहे, हे लोकांनी सांगण्याआधीच आपल्याला ठाऊक असते, आणि पुढे येणाऱ्या शेऱ्यांना तोंड देताना हे ठाऊक असणे फार कामी येते.

मागील बाजूस पेन्सिलीने नाव, तारीख आणि माध्यम लिहावे. चित्रे वर्तमानपत्रांत गुंडाळू नयेत, कारण त्या कागदातील आम्लाने चित्राचा कागद पिवळा पडतो. दोन चित्रांमध्ये स्वच्छ बटर पेपर घालून ती सपाट फोल्डरमध्ये, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर ठेवावीत आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. पेन्सिल आणि कोळशाच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसले जाऊ नये म्हणून फवारायचे द्रावण, मारायचे असेल तर ते उघड्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून मारावे.

चित्राचा फोटो

चांगल्या चित्राचा वाईट फोटो हा मुलांच्या निराशेचा मोठा स्रोत आहे, आणि तो टाळणे अगदी सोपे आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ, चित्र भिंतीला उभे टेकवावे. खोलीतील दिवे बंद करावेत, कारण दिव्याचा पिवळा आणि आकाशाचा निळसर प्रकाश एकत्र आला की रंग कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाहीत. फोनची काच आणि चित्राचा पृष्ठभाग समांतर हवेत. कॅमेऱ्यातील चौकटीच्या रेषा चालू केल्या की कडा सरळ आहेत का ते दिसते. फार जवळून फोटो घेतल्यास चित्राच्या बाजू फुगतात, म्हणून थोडे मागे जाऊन दुप्पट झूमवर घ्यावा. फ्लॅश वापरू नये. चित्राशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवावी आणि नंतर संपादनात ती पांढरी दिसेपर्यंतच रंगांचे संतुलन बदलावे. फोटोत रंग अधिक झळझळीत करण्याचा मोह टाळावा, नाहीतर मूळ चित्र पाहणाऱ्याची निराशा होते.

ए-४ पर्यंतचे चित्र स्कॅन करता येत असेल तर ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात, करावे. त्यातून सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेलची प्रत मिळते आणि ती मूळ आकारात छापण्यास पुरते. ही मोठी प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि बाहेर टाकण्यासाठी लांब बाजू १०८० ते १३५० पिक्सेल एवढी छोटी प्रत करावी, म्हणजे कुणी ती उचलून छापली तरी फार मोठी छापू शकत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. स्पर्धेसाठी किंवा अंकासाठी पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. परंतु डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठे काढला याची माहितीही जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्यातील लोकेशनची नोंद आधीच बंद ठेवावी.

कोणाला आणि कुठे दाखवावे

पहिला प्रेक्षक एकच असावा: चित्र समजणारा आणि आपले हित पाहणारा. शाळेतील कलाशिक्षक, एखादी मोठी ताई, किंवा सोबत रेखाटन करणारा मित्र. “कसं झालंय?” असे विचारले की “छान” एवढेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके विचारावे: नजर आधी कुठे जाते, सावलीत बसलेली बाई जमिनीवर बसल्यासारखी वाटते की तरंगल्यासारखी, डावा कोपरा रिकामा वाटतो का. उत्तर मिळाल्यावर वाद घालू नये; लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी चित्राशी ताडून पाहावे. पटले नाही तर सोडून देण्याचा हक्क चित्रकाराला आहेच.

त्यानंतर शाळेचा फलक, गावातील वाचनालय, गणेशोत्सवातील चित्रप्रदर्शन, मुलांचे दिवाळी अंक अशी पायरी येते. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थांच्या प्रदर्शनांची घोषणा झाली की विद्यार्थ्यांसाठी काय तरतूद आहे ते वाचावे. कोणत्याही स्पर्धेत दोन गोष्टी तपासाव्यात: मूळ चित्र परत मिळणार का, आणि पाठवलेल्या चित्रावर आयोजक कोणता हक्क सांगतात. प्रवेशशुल्क भरमसाट आणि प्रत्येकाला पदक, अशा स्पर्धांपासून दूर राहणे बरे.

समाजमाध्यमांवर खाते काढायचे तर वयाची अट पाळावी; इन्स्टाग्रामसाठी ती किमान १३ वर्षांची आहे. वय खरे नोंदवले तर किशोरवयीनांचे खाते आरंभापासून खाजगी ठेवले जाते, आणि वर्षभर ते तसेच राहू द्यावे. नावात आडनाव, शाळा किंवा जन्मवर्ष घालू नये; चित्रांसाठी वेगळे, साधे नाव घ्यावे. फोटोत गणवेश, घराची पाटी, वाहनाचा क्रमांक किंवा ओळखपत्र येत नाही ना, हे टाकण्यापूर्वी पाहावे. पालकांपैकी एकाला खात्याची पूर्ण माहिती असावी.

किती वेळा टाकावे याचे उत्तर पूर्ण झालेल्या चित्रांच्या संख्येत आहे. महिन्यात दोन चित्रे झाली तर दोनच टाकावीत. चित्रासोबत माध्यम, कागद, आकार आणि या चित्रात काय शिकायचा प्रयत्न केला हे तीन-चार वाक्यांत मराठीत लिहिले तर त्यावर येणारे शेरेही त्या मुद्द्याला धरून येतात. टाकल्यानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी शेरे वाचावेत. पसंतीचा आकडा त्या माध्यमाच्या यंत्रणेने चित्र किती जणांपुढे नेले यावर फार अवलंबून असतो. तीन तास खपून केलेल्या स्थिरचित्रापेक्षा एखाद्या प्रसिद्ध अभिनेत्याचे घाईत काढलेले चित्र अधिक पसंत केले जाते, आणि त्यावरून पुढचा विषय ठरवू लागले की शिकणे तिथेच थांबते. हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण उत्तम हात असलेली मुले याच वळणावर चित्र सोडताना दिसतात.

शेरा कठोर पण चित्राविषयी असेल तर तो वाचावा. शेरा शरीराविषयी, जातीविषयी, मुलगी असण्याविषयी असेल तर उत्तर न देता त्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, शेरा देणाऱ्याचे खाते ब्लॉक करावे आणि घरी सांगावे. “तुझा फोटो पाठव, मला त्यावरून चित्र काढायचे आहे” किंवा “तुझे चित्र मोठ्या किमतीला घेतो, आधी थोडे शुल्क भर” अशा अनोळखी निरोपांना उत्तर देऊ नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला की ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, आणि कुणी धमकावत किंवा छळत असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

हक्क आणि पैसे

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र निर्माण होताच त्याचा हक्क चित्रकाराकडे येतो. वय कितीही असो, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणूनच १९४४ साली निवर्तलेल्या धुरंधरांच्या चित्रांवरून काम करायला आज मोकळीक आहे, पण २००१ साली निवर्तलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांबाबत ती नाही. आपले चित्र कुणी न विचारता वापरले तर मूळ चित्र, तारीख लिहिलेले आराखडे आणि मोठी प्रत हा पुरावा ठरतो. आधी सभ्य शब्दांत कळवावे, मग त्या माध्यमावरील तक्रारीची सोय वापरावी.

एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. कुणी पैसे देऊन व्यक्तिचित्र किंवा रंगचित्र करून घेतले आणि वेगळे काही ठरले नसेल, तर त्या चित्राचा पहिला हक्क करून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून काम घेतानाच “या चित्राचा फोटो मी माझ्या संग्रहात आणि प्रदर्शनात वापरू शकेन; छपाईसाठी वेगळी परवानगी लागेल” असे लिहून घ्यावे. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही, तेव्हा बोलणी, लेखी नोंद आणि पैशांची देवघेव आई-वडिलांच्या नावे करावी.

किंमत ठरवताना नातलगांची भीड आडवी येते. तरीही हिशेब मांडावा. समजा, ए-४ आकाराच्या जलरंगातील व्यक्तिचित्राला कागद आणि रंग यांचे १२० रुपये, चौकटीचे ३५० रुपये आणि आठ तास लागले. तासाला केवळ १०० रुपये धरले तरी बेरीज १,२७० रुपये होते. मावशीला भेट द्यायचे असेल तर आनंदाने भेट द्यावे, पण ३०० रुपयांत “विकू” नये, कारण पुढचा ग्राहक तोच आकडा धरून येतो आणि वर्गातील इतर मुलांचाही भाव पडतो. निम्मी रक्कम आधी घ्यावी, रेखाटन दाखवून मंजुरी घ्यावी, आणि रंग लागल्यानंतर होणाऱ्या बदलांची मर्यादा आधीच सांगावी. सहामाही किंवा वार्षिक परीक्षेच्या महिन्यात काम घेऊच नये. तारीख पुढची द्यावी, बहुतेक लोक थांबतात.

चित्र देण्यापूर्वी त्याची मोठी प्रत करून घ्यावी, खालच्या कोपऱ्यात सही आणि वर्ष घालावे, आणि कुरियरने पाठवायचे असल्यास काच न लावता, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून, बाहेरून प्लास्टिकने पूर्ण बंद करून पाठवावे.